परतीची तार

जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे मानून निश्चिंत राहण्याची सवलत मनुष्याला फार काळ लाभली होती. वारा दिसत नाही, पण पाने हालतात. गंध दिसत नाही, पण वाटसरू थबकतो. चुंबकक्षेत्राने मात्र आपल्या अस्तित्वाची अशी कोणतीही खूण ठेवलेली नव्हती. ते देहातून आरपार निघून जाते. त्याने ना अंगावर रोमांच उठतो, ना ऊब जाणवते. भिंतीतल्या तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती ते वलयाकार उभे राहते, आणि वीज थांबली की विरून जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ मनुष्य या वलयांमध्ये जेवला, निजला, त्याने लेकरे वाढवली. परंतु त्यांचे रूप त्याने कधी पाहिले नव्हते.

पुढे चष्मा आला, आणि ते रूप घरोघरी दिसू लागले. त्या काळात कराडच्या गरुडांच्या घरी जे घडले, त्याची ही कथा आहे.

पुण्याच्या एका रुग्णालयात बालरक्तरोगतज्ज्ञ डॉक्टर वसुधा केळुस्कर यांनी शेवटचा अहवाल वाचला आणि मेजाच्या कडेला सारला.

“झालं. औषधं बंद. आता फक्त अधूनमधून तपासणीला यायचं. आमच्या सावनीबाईंना घरी न्या आणि शाळेत घाला. पेढे कुठं आहेत?”

सातव्या वर्षात पदार्पण केलेली सावनी खुर्चीवर उलटी बसून पाय हालवत होती. पुण्याला आजोळी राहून घेतलेल्या अडीच वर्षांच्या उपचारांनंतर पुन्हा उगवलेले तिचे केस दुर्वांकुरांसारखे ताठ उभे होते.

“घरी म्हणजे कराडला?” तिने विचारले. “माझ्या खोलीत?”

“तुझ्याच खोलीत.”

“मग भिंतीतले आजोबा असतील?”

डॉक्टरांनी सावनीच्या आईकडे, ऋजुताकडे, पाहिले. “हे कोण आणखी?”

“काही नाही हो. हिच्या खेळातलं माणूस आहे. आजारी पडायच्या आधीपासूनचं.”

ऋजुताचा पती कौस्तुभ मुलीला घेऊन बाहेर गेला. दार लागताच ऋजुता पुढे झुकली. या एका प्रश्नासाठी ती दिवसचे दिवस शब्द जुळवीत होती.

“मॅडम, ते घर सोडावं का आम्ही? मागून हायटेन्शन लाइन जाते. सासरे म्हणतात, तिनंच केलं. कॉलनीतले सगळे तेच म्हणतात.”

“मला माहीत आहे तेवढंच सांगते,” डॉक्टर म्हणाल्या. “अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली. ज्या घरात मूल दिवसरात्र सरासरी शून्य पूर्णांक तीन किंवा शून्य पूर्णांक चार मायक्रोटेस्लाच्या, म्हणजे चुंबकक्षेत्राच्या मापाच्या, वरच्या क्षेत्रात राहतं, तिथं हिच्यासारख्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण दीडपट ते दुप्पट दिसतं. पण त्या क्षेत्रानं पेशीत नेमकं काय होतं, हे कुणाला दाखवता आलेलं नाही. पाहणीच्या पद्धतीतच काही खोट असेल, अशीही शंका आहे. आणि दुप्पट म्हणजे तरी किती? हजारो मुलांत एखाद्याला होणारा आजार. त्याची दुप्पटही विरळाच.”

“पण माझ्या मुलीला झाला ना.”

“झाला. तो त्यामुळं झाला असं मी सांगू शकत नाही. त्यामुळं नाही झाला, असंही नाही. एका मुलाच्या बाबतीत हे कुणालाच कधी सांगता येणार नाही. तेव्हा दोष कुणाचा, हा प्रश्न इथंच सोडून जा. पण मोजून घ्यायला काय हरकत आहे? आता तो चष्मा निघालाय. मोजा, कमी करता आलं तर करा. पाणी गाळून पितो, तसं.”

परतताना ऋजुताने कौस्तुभाला आपला निश्चय सांगितला. खोली स्वच्छ निघाली नाही, तर सावनी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. कराडचा आपला भाग विकायचा आणि पुण्यालाच राहायचे.

“आणि बाबा?” कौस्तुभाने विचारले.

ऋजुताच्या सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. आबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, वडिलांचे ते घर आणि नात एवढेच सर्वस्व उरले होते, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही.

या चष्म्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. हिरा हा शुद्ध कोळशाचा, म्हणजे कार्बन अणूंचा, अत्यंत शिस्तबद्ध समुदाय आहे. त्या रांगांमध्ये क्वचित एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येऊन बसतो आणि त्याच्या शेजारचे आसन रिकामे राहते. जवाहिऱ्याच्या दृष्टीने हा दोष होय. परंतु अशा सदोष हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला असता तो तांबडा प्रकाश परत देतो. योग्य लहरींनी त्याला चेतवले, तर त्या तांबड्या प्रकाशाच्या चढउतारातून भोवतालचे चुंबकक्षेत्र मोजता येते. ज्या उणिवेने हिऱ्याचे मोल उतरावे, त्याच उणिवेने त्याला दृष्टी प्राप्त होते. सृष्टीच्या या योजनेपुढे मस्तक लवावे असेच हे आहे.

असे असंख्य सूक्ष्म हिरे चष्म्याच्या चौकटीत बसवलेले असत. चष्मा घालून मनुष्य खोलीत फिरला की यंत्र हिशेब मांडी, आणि काचेवर खोलीचे क्षेत्र रंगीत धुक्याच्या रूपाने उमटे. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकक्षेत्र घरातल्या क्षेत्राहून कितीतरी पटींनी मोठे. पण ते स्थिर असते, म्हणून यंत्र ते वजा करी. विजेमुळे निर्माण होणारे, सेकंदाला पन्नास आवर्तने करणारे क्षेत्र तेवढे उरे. क्षीण असेल तेथे काच निर्मळ राही. वाढू लागले की पिवळी झाक, आणि पुढे केशरी, तांबडी.

चष्म्याने लोकांचे भले केले आणि गोंधळही घातला. कुणी बाळाची खाट हातभर सरकवली आणि तेवढ्याने भागले. कुणी मिक्सर हद्दपार करून पाट्यावर चटणी वाटू लागले, आणि खांदे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेले. स्थळ पाहायला आलेली मुलीकडची मंडळी पोहे खाता खाता मुलाच्या खोलीचा आकडा विचारू लागली. घरोघरी मोटारी चार्ज होऊ लागल्यापासून भिंतींतून वाहणारी वीज पूर्वीच्या कितीतरी पट वाढली होती. त्यामुळे हा आकडा क्षुल्लक राहिला नव्हता.

कराडच्या त्या कॉलनीत चष्म्याची सर्वांत आतुरतेने वाट पाहणारा मनुष्य म्हणजे ऋजुताचे सासरे, सुहास गरुड. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे आणि दुखऱ्या गुडघ्यांचे. नातीच्या आजारानंतर त्यांनी ‘लाइन हटाव समिती’ स्थापन केली होती. फाटकावर फलक होता, आणि फलकावर नातीच्या वयाच्या मुलांची चित्रे होती.

त्यांच्या घराविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. वडिलांनी बांधलेला दुमजली बंगला आठ वर्षांपूर्वी सुहासराव आणि त्यांचे धाकटे बंधू मधुसूदन यांच्यात विभागला गेला. मधोमध भिंत उठली. एका गोष्टीवर मात्र भिंत घालता येईना. ती म्हणजे जिना. चिठ्ठ्या टाकल्या, आणि जिना धाकट्याच्या वाट्याला आला. सुहासराव सर्वांसमक्ष म्हणाले होते, “तुझ्या जिन्यावर या जन्मात पाय ठेवणार नाही.” त्यांनी घराबाहेरून लोखंडी जिना लावून घेतला. तो चढताना त्यांचे गुडघे करकरत. तरीही ते दिवसातून अनेकदा चढत, आणि तेही शेजारच्या खिडकीतून दिसेल अशा वेळी. त्या दिवसापासून भावाभावांत एक शब्दही झाला नव्हता.

तपासणीचा दिवस ठरला. सावनी पुण्यालाच आईच्या आईपाशी राहिली, आणि ऋजुता व कौस्तुभ दोन-तीन दिवस आधीच कराडला आले. गृहक्षेत्र तपासणीचा व्यवसाय करणारी अभियंता रुबिना मुल्ला सकाळी चष्मा आणि पेटी घेऊन आली. सुहासरावांनी तिला प्रथम गच्चीवर नेले आणि मागच्या शेतातील मनोऱ्यांकडे बोट दाखवले.

“ती बघ. ती आमची वैरीण.”

रुबिनाने सावकाश पाहिले. “काका, तारांजवळ क्षेत्र चांगलंच आहे. पण अंतराबरोबर ते झपाट्यानं ओसरतं. तुमच्या गच्चीवर तिचा हिस्सा नगण्य आहे.”

“नीट बघ. काच पुसून बघ.”

“दोनदा पुसली.”

“मग यंत्र बिघडलंय.”

“तुम्हीच घाला,” असे म्हणून तिने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. सुहासरावांना दूर मनोऱ्यांच्या तारांभोवती तांबूस वलय दिसले, आणि तेथून घरापर्यंतची शेते स्वच्छ उन्हात पसरलेली दिसली. ज्याच्यावर अडीच वर्षे राग धरला, तो अशा रीतीने निर्दोष ठरला की मनुष्याला आनंद होत नाही. रागाला बसायला जागा उरत नाही, एवढेच.

सावनीच्या खोलीतही काच निर्मळ होती. ऋजुताने सुटकेचा श्वास सोडला. रुबिनाने मात्र चष्मा काढला नाही.

“एरवी घरात जे जे चालतं, ते ते सुरू करा. गीझर. एसी. गाडी कुठं चार्ज होते?”

“खाली, पोर्चमध्ये,” कौस्तुभ म्हणाला. “रात्रभर लावलेली असते.”

“आत्ता लावा.”

कौस्तुभ खाली गेला. ऋजुताने चष्मा मागून घेतला, आणि तिने ते पाहिले. प्रथम भिंतीच्या कडेने पिवळसर रेघ उमटली. मग माळावर पळस फुलत जावा तसे केशरी धुके खोलीभर चढत गेले. सावनीच्या पलंगावर, उशीवर, उशीवरच्या कापडी सशावर ते तांबडे होऊन थांबले. कोपऱ्यात आकडा उमटला होता : शून्य पूर्णांक नऊ.

तिने चष्मा उतरवला. खोली पूर्ववत होती. पडद्याचे फुलपाखरू वाऱ्यावर हलत होते.

“गाडी तर खाली आहे,” वर आलेला कौस्तुभ पुटपुटला. “इथं कसं येईल?”

“गाडीचा दोष नाही. तिची परतीची तार चुकलीय.” रुबिनाने दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरली. “वीज एका तारेनं जाते आणि दुसरीनं परत येते. जाणारी ती फेज, येणारी ती न्यूट्रल. दोन्ही जवळजवळ असल्या, तर एकीचं क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राला पुसून टाकतं, कारण दिशा उलट. पण जाणारी या घरातून गेली आणि येणारी भलत्याच वाटेनं परतली, तर पुसायला कुणी उरत नाही. दोघींच्या मध्ये जे काही येईल, ते सगळं त्या क्षेत्रात.”

सुहासरावांच्या डोळ्यांपुढे कृष्णा आणि कोयना आल्या. समोरासमोरून धावत येणाऱ्या दोन नद्या या गावी एकमेकींना भेटतात आणि शांत होऊन एकत्र वळतात. त्या भेटल्याच नसत्या तर, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांनी तेथेच थांबवला.

“भलती वाट म्हणजे कुठली?” त्यांनी विचारले.

रुबिना खाली उतरून मीटरजवळ गेली. मीटरवर एक लहान तांबडा दिवा लागलेला होता. “हा कधीपासून लागतो?”

“तो? तो आहेच.”

“जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा नसला की लागतो तो. आणि बोर्डावर ही रिकामी जागा कसली? ईएलसीबी कुठाय? वीज गळली की पडणारा डबा?”

“काढला. सारखा पडायचा. गीझर लावला की घरभर अंधार. वायरमन म्हणाला, जुनी न्यूट्रल पलीकडच्या बोर्डात अडकलीय, तिकडं जाऊन सोडवावी लागेल. मी म्हटलं, तिकडं जायचं नाही. तो पडणारा डबाच काढून टाक.” सुहासरावांचा आवाज एकाएकी मंद झाला. “वाटणीच्या वेळची गोष्ट.”

“काका, तो डबा खराब नव्हता,” रुबिना हळूच म्हणाली. “गेलेली वीज घरी परतत नाही, एवढंच तो सांगत होता.”

कौस्तुभ म्हणाला, “गाडी मी घेतली. रात्रभर लावून ठेवायची सवयही माझी.” ऋजुता म्हणाली, “खोली मी निवडली. खिडकी मोठी म्हणून.” सुहासरावांनी त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला होता, तो त्यांना काढता येईना. पुण्याला सोडून आलेला प्रश्न अशा रीतीने कराडला त्यांच्या आधी येऊन बसला होता, आणि तिघांनीही तो आपापल्या अंगावर घेतला होता.

“डॉक्टर काय म्हणाल्या ते विसरू नका,” ऋजुता शेवटी म्हणाली. “कशामुळं झालं, ते कधीच कळणार नाही. आपण फक्त पुढचं करायचं. रुबिनाताई, हे दुरुस्त होतं?”

“दिवसभराचं काम. पण जुना बोर्ड उघडावा लागेल. तो कुठाय?”

“जिन्याखाली,” कौस्तुभ म्हणाला. “काकांकडं.”

“दुसरा उपाय सांग,” सुहासराव म्हणाले. “इथल्या इथं ती तार कापून टाक.”

“ती तार दोन्ही घरांची आहे, काका. आंधळेपणानं कापली, तर पलीकडची उपकरणं जळतील.”

“जळू देत!”

“बाबा!” ऋजुता म्हणाली. असा आवाज तिने सासऱ्यांपुढे कधी काढला नव्हता. “तुम्हाला जिना मोठा की सावनी? आज सांगा. मी तिला इथं आणू की नको, ते मला आज कळलं पाहिजे.”

सुहासराव लोखंडी जिन्याने वर गेले आणि नातीच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळाने रुबिना आपली पेटी आवरायला आली. चष्मा तिने पुन्हा घातला होता आणि ती भिंतीकडे निरखून पाहत होती.

“काका, पलीकडं कुठली खोली येते?”

“त्याची देवाची खोली. का?”

“भिंत क्षेत्राला अडवत नाही. इथं जेवढं आहे, साधारण तेवढंच पलीकडंही असणार.”

“असू दे. देवाला काय होतंय?”

दारात उभी असलेली ऋजुता म्हणाली, “आता ती देवाची खोली नाही, बाबा. ईश्वरी आलीय बाळंतपणाला. नलिनीकाकूंनी ती खोली तिला दिलीय. परवा पाळणा आला. टेम्पोतून उतरवताना मी पाहिला.”

ईश्वरी म्हणजे मधुसूदनरावांची एकुलती एक कन्या. वाटणी होण्यापूर्वी ती सुहासरावांच्या सायकलवर पुढे बसून शिकवणीला जात असे. पहिले बाळंतपण माहेरी करावे, या रीतीप्रमाणे ती याच घरी आली होती; आणि घराचा हा अर्धा भागही एके काळी तिचे माहेरच होता.

“पाळणा कुठल्या भिंतीला लावलाय?” सुहासरावांनी विचारले.

आणि ते उठले. लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांची पावले वाजली, फाटक वाजले, आणि मग शेजारच्या फाटकाची कडी वाजली.

दार मधुसूदनरावांच्या पत्नीने, नलिनीकाकूंनी, उघडले. त्या पदर सावरत म्हणाल्या, “अगंबाई, भाऊजी! घर चुकलात का? तुमचं ते बाजूचं, लोखंडी जिन्याचं.”

“मधू आहे का?”

आतून आवाज आला. “कोण आहे गं?” आणि पाठोपाठ मधुसूदनराव स्वतः आले. थोरल्या भावाला पाहून त्यांनी हाताची घडी घातली. “या. लाइन हटावसाठी सही पाहिजे का तुम्हाला?”

धाकटा भाऊ आपल्याला ‘तुम्ही’ म्हणतो, हे सुहासरावांनी प्रथमच ऐकले.

“पाळणा कुठं लावलास?”

“काय?”

“ईश्वरीचा पाळणा. कुठल्या भिंतीला?”

“तुमच्या भिंतीला. का? आवाजाचा त्रास होईल म्हणून आत्तापासून तक्रार?”

“काढ तो तिथून,” सुहासराव म्हणाले, आणि उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी सर्व सांगितले. तार, डबा, धुके, आकडा. आपण काय काढून टाकायला लावले, तेही सांगितले. त्यांना सांगायला फार वेळ लागला, कारण मधेच श्वास पुरेना. काकूंनी निमूट आत जाऊन खुर्ची आणली.

मधुसूदनरावांनी तारेविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, “सावनी कशी आहे?”

“बरी झाली. औषधं बंद झाली.”

मधुसूदनराव खुर्चीजवळ जमिनीवर बसले.

“ती रोज संध्याकाळी भिंतीवर दोनदा वाजवायची,” ते म्हणाले. “मी देवापाशी बसलेला असायचो. एकदा मीही दोनदा वाजवलं. खिदळली पलीकडून. मग ते रोजचंच झालं. तिला ठाऊक नव्हतं मी कोण ते. आणि एके दिवशी वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाजवून बघितलं. काहीच नाही. दादा, तुझ्या घरात काय झालं ते मला पहिल्यांदा त्या भिंतीनं सांगितलं. तू नाही.”

“तू विचारायचंस.”

“कुणाला? भिंतीला?”

‘तू’ परत आला होता, हे सुहासरावांच्या कानांनी टिपले.

“त्या खोलीत पाळणा मी हट्टानं लावलाय,” मधुसूदनराव म्हणाले. “ही म्हणत होती, दुसरी खोली मोठी आहे. मला वाटलं, पोर घरी आली की पुन्हा वाजवेल. बाळानंही ऐकावं.”

इतका वेळ आतल्या दारात उभी असलेली ईश्वरी पोटावर हात ठेवून पुढे आली. “मोठे बाबा, आता आत येणार आहात, की सगळं उंबऱ्यातच?”

त्याच दुपारी रुबिना आणि तिचा वायरमन जिन्याखालच्या जुन्या बोर्डापुढे बसले. बोर्डावर वडिलांच्या हातची खडूची अक्षरे अजून होती. कोणते बटण कोणत्या खोलीचे ते त्यांनी लिहून ठेवले होते. सुहासराव खुर्ची घेऊन जवळच बसले आणि सूचना देऊ लागले.

“भाऊजी, शपथ मोडली ना शेवटी?” काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारले.

“मुळीच नाही. बोर्ड जिन्याखाली आहे. मी जिन्यावर पाय ठेवणार नाही म्हटलं होतं.”

“बघ,” मधुसूदनराव पत्नीला म्हणाले, “अजून तस्साच आहे.”

दोन्ही घरांच्या तारा सुट्या केल्या गेल्या. प्रत्येक जाणाऱ्या तारेला तिची परतणारी तार मिळाली, आणि दोघी एकाच नळीतून, एकमेकींना बिलगून, आपापल्या मीटरपर्यंत नेल्या गेल्या. रिकाम्या जागेत नवा ईएलसीबी बसला. गीझर, एसी, गाडी, सारे एकदम सुरू केले. डबा पडला नाही. मीटरवरचा तांबडा दिवा विझलेला होता.

ऋजुता चष्मा घालून सावनीच्या खोलीत उभी राहिली. पलंग पलंगासारखा दिसत होता, ससा सशासारखा. आकडा शून्यालगत येऊन स्थिरावला होता. तिला आनंद होईल असे वाटले होते. त्याऐवजी रडू आले.

“एका दिवसाचं काम होतं,” ती म्हणाली. “हे तेव्हाच करता आलं असतं.”

“तेव्हा कुणाला दिसत नव्हतं, ताई,” रुबिना म्हणाली. “आता दिसलं, तर आता केलं.”

ऋजुताने डोळे पुसले. दोषाचा प्रश्न तिच्यापाशी होताच. तो समूळ कधी जाणार नव्हता. परंतु आज प्रथमच तो तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा नव्हता. तिने पुण्याला फोन लावला आणि आईला सांगितले की सावनीचे कपडे बांधायला घे.

फाटकावरचा फलक सुहासरावांनी स्वतः उतरवला. समिती त्यांनी मोडली नाही. तिचे नाव तेवढे बदलले. लाइन हटवण्याऐवजी आता तिची मंडळी कॉलनीतल्या घराघरांत जाऊन मीटरवरचा तांबडा दिवा पाहू लागली, आणि जेथे तो लागलेला दिसे तेथे परतीची तार शोधू लागली. असे दिवे अनेक घरांत निघाले. त्या कामाला मधुसूदनराव सोबत असत, आणि दोघे भाऊ वाटेत मोठमोठ्याने भांडत असत. ते ऐकून कॉलनीला बरे वाटे.

सावनी आली ती पुढच्या आठवड्यात, एका संध्याकाळी. तिच्या स्वागताला रुबिना मुद्दाम चष्मा घेऊन थांबली होती. सावनीने तो दोन्ही हातांनी नाकावर धरला, खोलीभर फिरली, आणि निराश झाली.

“यात काहीच दिसत नाही, आई!”

“नाही ना?” ऋजुता हसली. “नीट बघ. काहीच नाही ना?”

“काहीच नाही!” असे म्हणून तिने चष्मा परत केला, धावत जाऊन ती पलंगावर चढली आणि सशाला बाजूला सारून तिने भिंतीवर दोनदा वाजवले.

पलीकडून दोनदा टकटक आली. आणि तिच्या मागोमाग, चार दिवसांच्या एका नव्या कंठातून, बारीक पण ठाम रडणे आले.

सावनीचे डोळे विस्फारले. “आबा! भिंतीतले आजोबा आहेत! आणि त्यांना बाळ झालंय!”

“आहेत तर,” सुहासराव म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. “पण ते भिंतीत राहत नाहीत. चल, त्यांच्याकडं जिन्यानं जाता येतं.”

नातीचे बोट धरून ते लोखंडी पायऱ्या उतरले, दोन फाटके ओलांडून धाकट्याच्या घरी गेले, आणि वडिलांनी बांधलेल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी सावकाश पाऊल ठेवले. वर कठड्याशी मधुसूदनराव उभे होते.

“जपून, दादा,” ते म्हणाले. “तिसरी पायरी उंच आहे.”

“मला सांगतोस?” सुहासराव म्हणाले, आणि चढू लागले.